आम्ही आणि आपण

दिवाळीची सुट्टी लागायच्या आधी दोन दिवस आमच्या बालवाडीत एक छोटासा समारंभ असतो. समारंभ म्हणजे काय, तर मुलांनी घरून डब्यात जे फराळाचे आणले असेल ते एकमेकांना वाटायचे, आणि वाटता वाटता निम्मे सतरंजीवर सांडायचे. गेल्या वर्षी त्या गडबडीत साडेचार वर्षांची एक चिमुरडी माझ्यापुढे येऊन उभी राहिली. एक मूठ पाठीमागे लपवलेली. मोठाले डोळे करून तिने विचारले,

"बाई, तुमच्यात दिवाळी नसती का?"

माझे लक्ष सांडलेल्या चिवड्याकडे होते. मी म्हणाले, "नाही गं. आमच्यात नाताळ असतो."

"हां," असे म्हणून ती आली तशी परत गेली. उत्तर खोटे नव्हते. पण दिवसभर मला वाटत राहिले, की कुठेतरी काहीतरी चुकले खास.

वाचकहो, मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन निराळे शब्द आहेत, याचा तुम्ही कधी विचार केला आहे का? इंग्रजीत दोहोंना मिळून एकच शब्द पुरतो. आपल्याकडे मात्र 'आम्ही' म्हटले की समोरचा माणूस दाराबाहेर राहतो, आणि 'आपण' म्हटले की तो घरात येतो. दोन शब्दांत अंतर ते काय, एका उंबऱ्याचे. पण तो उंबरा ओलांडायला कधी कधी माणसाचे निम्मे आयुष्य लागते.

मी काही भाषापंडित नव्हे. जुन्या भाषेत सांगायचे तर मी मॅट्रिक. पुढे शिकणे परिस्थितीने जमले नाही. सकाळी बालवाडी, दुपारी घर, आणि रात्री सवड मिळाली तशा लिहिलेल्या दोन कादंबऱ्या, एवढाच माझा संसार. पण हे दोन शब्द बरीच वर्षे माझ्या पाठीस लागले आहेत. त्यांचीच हकीकत आज सांगायची आहे.

आमचे घर कळंबचे, मांजरेच्या काठचे. आमच्या आळीत ख्रिस्ती घर आमचे एकटेच. आजोबा मूळचे नगरकडचे. आज त्या शहराला अहिल्यानगर म्हणतात. हैदराबाद संस्थान १९४८ साली भारतात सामील झाले, त्यानंतर काही वर्षांनी ते नोकरीच्या निमित्ताने इकडे आले आणि इथलेच झाले. नगरला अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे १८३१ साली पडले. गावकुसाबाहेरच्या ज्या माणसांना शाळेची पायरी चढू दिली जात नव्हती, त्यांतली पुष्कळ माणसे त्या शाळांतून अक्षरे शिकली आणि ख्रिस्ती झाली. आमचे पणजोबा त्यांतलेच. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची कथा सर्वांना ठाऊक असते. त्यांना ख्रिस्ताकडे येताना सोवळे सोडावे लागले. आमच्या पणजोबांपुढे तो प्रश्नच नव्हता. त्यांना सोवळ्याला कधी कोणी शिवूच दिले नव्हते.

आजीने नगरहून येताना आणलेल्या चीजवस्तूंत 'उपासना संगीत'ची एक जीर्ण प्रत होती. पहाटे दळण निवडताना ती त्यातली टिळकांची भजने म्हणे. भिंतीपलीकडे शेजारच्या काकूंची सासू जागी असे. तिला ते तुकोबांचे अभंग वाटत, आणि तीही पडल्या पडल्या टाळीचा ठेका धरी. तिचे फारसे चुकत नव्हते. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असे टिळक स्वतःच सांगत असत.

वडील एस.टी.त कंडक्टर होते. "पुढं सरका, मधी जागा हाय!" हे वाक्य त्यांनी नोकरीत किती वेळा म्हटले असेल याची गणती नाही. निवृत्त झाल्यावरही घरात कोणी रागाने तोंड फिरवून बसले, की ते तेच वाक्य म्हणतात. माझ्या लहानपणी ते दिवाळीआधी बांबूच्या कामट्यांची एक मोठी पाचकोनी चांदणी करीत. तिला लाल पतंगी कागद लावून ती काकूंच्या दारावर टांगली जाई. तुळशीच्या लग्नानंतर ती उतरवायची, लाल कागद काढून पांढरा चिकटवायचा, आणि नाताळात ती आमच्या दारावर चढायची. सांगाडा एकच, सण दोन. त्यात काही विशेष आहे असे आम्हा मुलांना कधी वाटलेच नाही.

विशेष वाटले ते दुसऱ्याच एका गोष्टीचे. काकूंच्या ओसरीवर एक कोनाडा होता, आणि त्या कोनाड्यात निळ्या काठाचा एक कप पालथा घातलेला असे. आजी त्यांच्याकडे गेली की तो कप स्वतः उचलून घेई, त्यात वरून ओतलेला चहा पिई, स्वतःच्या हाताने विसळी आणि पुन्हा पालथा ठेवी. याबद्दल ती कधी चकार शब्द काढीत नसे. एकदा मात्र, मी फारच खोदून विचारल्यावर, म्हणाली, "धर्म बदलता आला पोरी, कप काही बदलता आला नाही."

ते वाक्य मी जन्मभर विसरणार नाही. मी पहिली कादंबरी लिहिली तीच त्या वाक्यासाठी, असे म्हटले तरी चालेल. २०११ साली ती छापून आली. तिच्यात ती ओसरी होती, तो कोनाडा होता आणि तो निळ्या काठाचा कपही होता. काही जाणत्या वाचकांनी नेमके तेच प्रकरण वाखाणले. मी आनंदात होते.

काकूंना अक्षरओळख नाही. त्यांच्या मुलाने ते प्रकरण त्यांना वाचून दाखवले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आमच्या दारात आल्या. आत या म्हटले तरी आल्या नाहीत. उंबऱ्याबाहेर उभे राहूनच म्हणाल्या,

"तू लिव्हलंस ते खरं हाय. व्हता येगळा कप. माझ्या सासूनं ठिवला व्हता. पण सासू गेली, तिचा तेरावा झाला, आन् चौदाव्या दिवशी म्या त्यो कप उचलून आत न्हेला. सगळ्या कपांत मिसळला. तुझ्या आजीनं त्यानंतर माझ्या चुलीपाशी बसून च्या पिला, मरंपर्यंत. ते का नाही लिव्हलंस?"

मला काही बोलता आले नाही. कारण ते मला ठाऊक होते. लिहिताना आठवलेही होते. पण गोष्ट अर्ध्यावर थांबवली की तिला धार चढते, हे कळण्याइतकी मी लेखिका झाले होते.

"अर्धंच लिव्हलंस तू," काकू म्हणाल्या आणि निघून गेल्या.

त्या वर्षी दिवाळीला चांदणी न्यायला कोणी आले नाही. काकूंच्या मुलाने बाजारातून विजेचा आकाशकंदील आणला. वडिलांनी चांदणीचा सांगाडा माळ्यावर टाकला. भांडण असे झाले नाही; बोलणेचालणेही चालू होते. पण आजवर जिथे सहज 'आपण' येत असे, तिथे दोन्हीकडून 'आम्ही' आणि 'तुम्ही' यायला लागले.

अशी आठ वर्षे गेली. २०१९ च्या सप्टेंबरात बातमी आली, की अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे त्र्याण्णवावे अधिवेशन आमच्या जिल्ह्याच्या गावी, तेव्हाच्या उस्मानाबादला आणि आजच्या धाराशिवला भरणार असून, अध्यक्ष म्हणून फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड झाली आहे. संमेलनाच्या इतिहासात ख्रिस्ती माणूस अध्यक्ष होण्याची ही पहिलीच वेळ होती.

दुसऱ्या दिवसापासून बाजारात, रस्त्यात, बालवाडीच्या फाटकापाशी जो तो मला म्हणू लागला, "अभिनंदन बाई! तुमचा माणूस अध्यक्ष झाला."

आता यातली गंमत पाहा. फादर कॅथलिक, आम्ही प्रॉटेस्टंट. ते वसईच्या नंदाखालचे, म्हणजे समुद्राकाठचे. आम्ही बालाघाटाच्या पठारावरचे, समुद्र चित्रात पाहिलेले. 'सुवार्ता' मासिकाचे ते अनेक वर्षे संपादक होते, 'सुबोध बायबल'साठी त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेला होता, आणि वसईची हिरवी जमीन वाचावी म्हणून हरित वसई संरक्षण समितीतून ते गुंडांच्या धाकाला न जुमानता उभे राहिले होते. हे सगळे मी वर्तमानपत्रातच वाचलेले. त्यांचे एक पुस्तक तोवर माझ्या हातून वाचून झाले नव्हते. माझे अभिनंदन करावे असे मी काहीच केले नव्हते! लोक चांगल्या मनानेच बोलत होते. पण तो 'तुमचा' मला टोचत होता. ना. धों. महानोर संमेलनाचे उद्घाटन करणार होते. त्यांच्याविषयी कोणी कोणाला 'तुमचा माणूस' म्हणाले नाही. ते सर्वांचेच होते.

पुढे निवडीला विरोधही झाला. उद्घाटनाला जाऊ नये म्हणून महानोरांना पत्र गेल्याची बातमी आली. त्या रात्री मी वडिलांसमोर माझी सगळी फिर्याद मांडली. म्हटले, "हे कोण आम्हाला पाहुणे ठरवणारे? इंग्लंडात जन्मलेल्या फादर स्टीफन्सने सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रचले आणि १६१६ साली ते गोव्यात छापून निघाले. त्याने मराठीचे केलेले कौतुक मुले शाळेत शिकतात. 'ज्ञानोदय' नगरला १८४२ साली निघाला. विधवांच्या दुःखावर बाबा पदमनजींनी १८५७ साली 'यमुनापर्यटन' लिहिले, तीच मराठीतली पहिली कादंबरी मानतात. मी कादंबऱ्या लिहिते ती वाटच मुळी त्यांनी पाडलेली. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल मराठीत आणले. लक्ष्मीबाईंचे 'स्मृतिचित्रे' नसते तर मराठी गद्य केवढे गरीब राहिले असते! हे सारे लोक अर्धेच का सांगतात?"

वडिलांनी शांतपणे ऐकून घेतले. मग चष्मा पुसत म्हणाले, "हिशोब बरोबर हाय तुझा. पण तिकीट तू बी एकाच बाजूचं फाडलंस. लोक आपलं अर्धं सांगतेत म्हणतीस, आन् तू वहिनींचं किती सांगितलंस?"

गोरोबाकाकांची गोष्ट आमच्या जिल्ह्यात लहान पोरालाही ठाऊक असते. तेरच्या या कुंभार संताने जमलेल्या साऱ्या संतांच्या डोक्यावर थापटणे मारून पाहिले, की मडके पक्के कोणते आणि कच्चे कोणते. आणि कच्चे निघाले ते नामदेव. त्या रात्री माझ्या डोक्यावर थापटणे पडले. आवाज कसा आला ते मी ऐकले.

झोप येईना म्हणून 'स्मृतिचित्रे' काढून बसले. कितव्यांदा वाचत होते कोण जाणे. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंचा संसार उभा फाटला. १९०० साली त्या स्वतः त्यांच्या वाटेने गेल्या, तोवरची वर्षे त्यांनी कशी काढली असतील! असे दुःख सोसलेल्या बाईने किती कडवट लिहिले असते तर चालले असते. पण हे पुस्तक हातात धरून आपण हसतो. का, ते मला त्या रात्री उमगले. ज्यांनी त्यांना छळले त्यांचेही गुण त्या लिहितात, आणि स्वतःचे सोवळे, स्वतःचे रुसवे, स्वतःचा वेडेपणा कशाचीच चोरी ठेवीत नाहीत. त्या पूर्ण सांगतात. म्हणून ते पुस्तक एकट्या ख्रिस्ती समाजाचे राहिले नाही. मराठी वाचणाऱ्या प्रत्येकाचे झाले.

सकाळी मी काकूंकडे गेले. म्हणाले, "काकू, मी अर्धंच लिहिलं."

"व्हय," त्या म्हणाल्या आणि पाट सरकवला. त्या भाकरीसाठी पीठ काढत होत्या. ज्वारीच्या पिठाच्या डब्यात माप म्हणून पडला होता, तो कान तुटलेला, निळ्या काठाचा कप. त्या मापाने त्या घराच्या किती भाकऱ्या मोजल्या गेल्या असतील! मी पाहते आहे हे त्यांनी पाहिले. बोलल्या मात्र काही नाहीत. बोलण्यासारखे राहिलेही नव्हते.

निघताना मी भीत भीत विचारले, "संमेलनाला याल का, माझ्यासंगं?"

"येते की. गोरोबाकाकाचं नाव दिलंय म्हणं तिथल्या नगरीला. आन् अध्यक्ष कोण फादर हायेत ना? फादर म्हंजे कुणाचा बाप?"

वडील दारातूनच म्हणाले, "सगळ्यांचा, वहिनी. म्हणून तर लगीन केलं नाही."

काकू मनापासून हसल्या. "मंग जाऊ की," त्या म्हणाल्या, "आपल्या जिल्ह्यात आलाय, आपलाच माणूस."

मी गप्प झाले. चार महिने ज्या एका शब्दासाठी मी रागावून बसले होते, तो एका निरक्षर बाईने पिठाचे हात झटकता झटकता देऊन टाकला होता.

१० जानेवारी २०२० रोजी आम्ही तिघे एस.टी.ने निघालो. वडील तिकीट काढून प्रवास करण्याच्या नवलाईत होते. ढोकी आल्यावर काकूंनी तेरच्या दिशेला हात जोडले. मी त्यांना सांगत होते, की तेर म्हणजे प्राचीन तगर. दोन हजार वर्षांमागे इथला माल भडोचच्या बंदरातून रोमकडे जाई. तेरला सापडलेल्या हस्तिदंती बाहुलीसारखीच एक बाहुली इटलीत पाँपेईच्या राखेखाली निघाली. काकू म्हणाल्या, "म्हंजे आपल्याकडं येणंजाणं जुनंच म्हणायचं." इतिहासाचे एवढे थोडक्यात सार मी कुठल्याही पुस्तकात वाचलेले नाही.

मांडवात माणूस मावत नव्हते. महानोर आले होते. पत्राने ते थांबले नाहीत. फादर पाठीचे दुखणे अंगावर घेऊन आले होते. आम्ही फार मागे होतो, त्यामुळे माणूस ठिपक्याएवढा आणि आवाज कर्ण्यातून. पण तो आवाज पाहुण्याचा नव्हता. घरातला वडीलधारा माणूस घरातले चुकते आहे ते घरच्यांना सांगतो, तसा तो होता. देशात अन्याय होत असताना लेखकाने मुकाट बसू नये, असे ते सांगत होते. ख्रिस्ती माणसाने नागरिक म्हणून कसे वागावे यावर मी पुष्कळ प्रवचने ऐकली आहेत. पण त्या दिवशी मला ते एका वाक्यात कळले. घर आपले मानले, की घराची काळजी करणे ओघानेच येते. हक्क मागायचा तो पाहुणा म्हणून नव्हे, आणि कर्तव्य करायचे तेही पाहुणा म्हणून नव्हे.

परत आल्यावर वडिलांनी माळ्यावरून सांगाडा काढला. दोन कामट्या कसरीने खाल्ल्या होत्या, त्या बदलल्या. त्या वर्षी दिवाळीत करोनाची भीती होती, पण काकूंच्या दारावर नऊ वर्षांच्या खंडानंतर लाल चांदणी चढली. माझ्या दुसऱ्या कादंबरीत मी तो कप आत नेला. त्या कादंबरीची कोणी फारशी वाखाणणी केली नाही. काकूंनी मात्र ती मुलाकडून दोनदा वाचून घेतली.

२५ जुलै २०२४ रोजी फादर गेले. बातमी मला काकूंनीच आणून दिली. "पोरी, आपले फादर गेले गं," असे म्हणून त्या पायरीवर टेकल्या.

आता त्या चिमुरडीकडे येते. त्या रात्री वडील चांदणीला लाल कागद चिकटवत होते आणि मी खळीची वाटी धरून बसले होते. एकदम माझ्या ध्यानात आले, की पोरीने मूठ पाठीमागे का लपवली होती! मला लाडू द्यावा की नाही, एवढाच तिचा प्रश्न होता. आणि मी तिला खानेसुमारीच्या कारकुनाला द्यावे तसे उत्तर दिले होते! इतकी वर्षे ज्या उंबऱ्यासाठी मी जगाशी भांडले, तो उंबरा त्या दिवशी मीच तिच्यापुढे घातला होता.

दुसऱ्या दिवशी बालवाडीत शिरताच मी तिला गाठले. म्हटले, "काल मी चुकीचं सांगितलं बरं का. आपल्यात दिवाळी असते. माझा लाडू कुठं आहे?"

तिने माझ्याकडे थोडा वेळ संशयाने पाहिले.

"त्यो म्या कालच खाल्ला," ती म्हणाली. मग डबा उघडून तिने आत नीट पाहिले, मनाशी काही हिशोब केला, आणि दोन शंकरपाळे माझ्या हातावर ठेवले. "घ्या. पन नाताळाला मला केक द्यायचा."